पडणारा आणि पाहणारा

ब्रिटिश विनोद म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभं राहतं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता टाकलेलं तिरकस वाक्य, आणि ते समोरच्याच्या डोक्यात शिरेपर्यंत बोलणाऱ्याचा चहा पिऊन संपलेला. वुडहाउसच्या कादंबऱ्यांनी हे चित्र काढलं आणि पु. ल. देशपांड्यांसारख्या त्याच्या निस्सीम चाहत्यांमुळे ते आपल्याकडे ठसलं. चित्र खोटं नाही, पण अर्धंच आहे. ब्रिटिश टीव्हीवरचा सर्वांत आवडता विनोदी क्षण कोणता, याचे कौल तिथे अधूनमधून घेतले जातात. त्यांत पुन्हा पुन्हा वर येणाऱ्या एका क्षणात तिरकस वाक्याचा पत्ताच नाही. एक माणूस बारच्या काउंटरला टेकायला जातो आणि ताठच्या ताठ आडवा होतो. बस्स, इतकंच.

मालिका ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’, लेखक जॉन सलिव्हन. हा भाग बीबीसीवर ८ जानेवारी १९८९ रोजी दाखवला गेला. दक्षिण लंडनच्या पेकहॅम भागात कुठून आला ते न विचारण्यासारखा माल विकून पोट भरणारा डेल बॉय आता शहरातल्या नवश्रीमंत शेअर दलालांसारखा दिसू पाहतो आहे. एका झकपक वाइन बारमध्ये तो ट्रिगर या मित्राबरोबर उभा आहे. जवळच्या दोन तरुणींवर छाप पाडायची म्हणून तो ट्रिगरला ऐटीत राहायचा सल्ला देतो. तेवढ्यात बारमन बाहेर येण्यासाठी काउंटरची फळी वर उचलतो. डेलचं तिकडे लक्ष नाही. तो कोपर टेकायला कलतो आणि टेकायला तिथे काहीच नसतं.

आता हाच प्रसंग पुन्हा बघावा, पण डेल बॉयकडे न बघता. ट्रिगरची भूमिका रॉजर लॉइड पॅकने केली आहे. डेल पडतो त्या नेमक्या क्षणी ट्रिगरची मान दुसरीकडे वळलेली असते. तो परत वळतो तर मित्र गायब. तो काउंटरकडे बघतो, मागे वळून बघतो. खाली बघायचं काही त्याला सुचत नाही. डेल उठतो, सावरतो आणि ग्लास संपव, निघू या म्हणतो. तरी ट्रिगरच्या चेहऱ्यावर नेमकं काय घडलं याचा पत्ता नाही. पडण्याला मिळालेला हशा एवढ्यात ओसरला असता. ट्रिगरच्या गोंधळामुळे तो लांबत जातो. काय घडलं ते आपल्याला माहीत आहे, डेलला माहीत आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला माहीत नाही. ही तफावत कुणी शब्दांत सांगत नाही. ती आपणच जुळवतो.

डेल झालेल्या डेव्हिड जेसनच्या पडण्यातही बारीक कसब आहे. तोल जाताना माणसाचा हात नकळत पुढे येतो, पाय सरकतो, निदान नजर तरी खाली जाते. जेसन यातलं काहीच होऊ देत नाही. चेहऱ्यावरची ऐट जशीच्या तशी ठेवून तो आडवा होतो. आपण पडतो आहोत ही बातमी डेलला प्रेक्षकांच्याही नंतर कळते.

विनोदाची ढोबळ आणि सूक्ष्म अशी वाटणी आपण साधारणपणे साधनावरून करतो. अंग वापरलं की ढोबळ, शब्द वापरला की सूक्ष्म. जुन्या ब्रिटिश सिटकॉम बारकाईने पाहिल्या तर ही वाटणी टिकत नाही. विनोदातलं किती काम नट स्वतः उरकून टाकतो आणि किती प्रेक्षकावर सोडतो, यावर त्याची जात ठरते. धप्पकन पडणं हे नटाने पूर्ण केलेलं काम. त्या पडण्याचा अर्थ लावणं हे आपल्याकडे सोपवलेलं काम. उत्तम मालिका ही दोन्ही कामं एकाच प्रसंगात करून घेतात.

दोन घराणी

हे तंत्र एका दिवसात आलेलं नाही. ब्रिटिश टीव्हीच्या विनोदामागे दोन वेगळी घराणी आहेत.

पहिलं घराणं रंगमंचाचं. एकोणिसाव्या शतकात तिथे म्युझिक हॉल फोफावले. खाणंपिणं चालू, गप्पा चालू, आणि त्या गोंगाटात समोर गाणी, नकला, कसरती. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं तर आवाज आणि हातवारे मोठेच हवेत. फ्रेड कार्नोच्या कंपनीत चार्ली चॅप्लिन आणि स्टॅन लॉरेल याच शिस्तीत तयार झाले आणि पुढे अमेरिकेत जाऊन पडद्यावर गाजले. याच काळात फार्सही बहरला: दारं उघडताहेत, मिटताहेत, एक खोटं लपवायला दुसरं बोललं जातंय, पुरुष बाईचा झगा घालून वावरतोय. ब्रँडन थॉमसचं १८९२ सालचं ‘चार्लीज आंट’ हा त्याचा नमुना. आचार्य अत्र्यांनी त्यावरूनच ‘मोरूची मावशी’ लिहिलं. विजय चव्हाणांची मावशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या घराण्याची ओळख निराळी करून द्यायला नको.

दुसरं घराणं रेडिओचं. रेडिओवर पडून उपयोग नाही, कारण पडलेलं दिसत नाही. नोव्हेंबर १९५४ मध्ये बीबीसी रेडिओवर ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ सुरू झालं. त्याचे लेखक रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन यांची गाठ तरुणपणी क्षयरोग्यांच्या सॅनिटोरियममध्ये पडली होती. त्यांनी गाणी आणि सुटे विनोद काढून टाकले आणि एकच माणूस मध्यभागी ठेवला. टोनी हॅनकॉक, स्वतःला विचारवंत समजणारा, जगाने आपली कदर केली नाही म्हणून सदा कुरकुरणारा. १९५६ मध्ये मालिका टीव्हीवर आली आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ गेला. १९६१ च्या ‘द ब्लड डोनर’ या भागात हॅनकॉक मोठ्या रुबाबात रक्तदानाला येतो. तपासणीसाठी त्याच्या बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. झालं रक्तदान, असं समजून तो निघायला लागतो. खरं रक्तदान म्हणजे अख्खी बाटली, हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरतो. या भागाची सगळी मजा त्या उतरण्यात आहे. देशसेवेची भाषा आणि सुईची भीती एकाच चेहऱ्यावर आलटून पालटून दिसते.

याच जोडीने १९६२ मध्ये ‘स्टेप्टो अँड सन’ आणलं. भंगार गोळा करणारे बाप-लेक, आणि घरातून निघून जायचं स्वप्न बघणारा मुलगा हॅरल्ड. लेखकांनी मुद्दाम विनोदी नट न घेता गंभीर भूमिका करणारे नट घेतले. पहिल्याच भागाच्या शेवटी हॅरल्ड आपलं सामान गाडीवर चढवतो. म्हातारा बाप घोडा द्यायला तयार नाही. मग हॅरल्ड स्वतःच दांड्या धरून गाडी ओढायला लागतो. जोर लावतो, शिव्या घालतो, रडतो. गाडी जागची हलत नाही. म्युझिक हॉलमध्ये हाच प्रसंग निव्वळ हशाचा झाला असता. इथे हसू घशात अडकतं. दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली ती इथे: अंगाची झटापट पहिल्या घराण्याची, आणि न बोललेलं दुःख दुसऱ्याचं.

बेसिलची फांदी

ढोबळ विनोदाची चर्चा ‘फॉल्टी टॉवर्स’शिवाय पुरी होत नाही. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या त्यावेळच्या पती-पत्नींनी ही मालिका लिहिली. १९७५ मध्ये सहा भाग, १९७९ मध्ये सहा भाग, एकूण बाराच. दुसरे सहा भाग येईपर्यंत दोघांचा घटस्फोट झाला होता, तरी लेखन एकत्रच चाललं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली शतकातल्या सर्वोत्तम ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमांची यादी केली तेव्हा या बारा भागांना पहिला क्रमांक मिळाला.

कल्पना सुचली ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातल्या एका हॉटेलात. क्लीज ज्यात होता त्या ‘माँटी पायथन’ या विनोदी चमूची मंडळी चित्रीकरणासाठी तिथे उतरली होती आणि तिथल्या मालकाचा तुसडेपणा क्लीजच्या डोक्यात बसला. त्यातून जन्माला आला बेसिल फॉल्टी. लॉर्ड किंवा डॉक्टर दिसला की कमरेत वाकायचं, साध्या गिऱ्हाइकावर खेकसायचं, बायकोला टरकायचं आणि तो सगळा राग मॅन्युएल या बिचाऱ्या स्पॅनिश वेटरच्या टाळक्यावर काढायचा, हा त्याचा रोजचा क्रम.

मालिकेत मारामारी, धावपळ, आदळआपट भरपूर. जवळपास साडेसहा फुटांच्या क्लीजच्या तंगड्या हा स्वतंत्र विनोदच. पण ही आदळआपट कागदावर काटेकोर आखलेली होती. अर्ध्या तासाच्या मालिकेची संहिता तेव्हा साधारण ६५ पानांची असे. ‘फॉल्टी टॉवर्स’ची संहिता १३५ ते १४० पानांपर्यंत जाई. एकेका भागावर लेखकद्वयाचा महिना-दीड महिना खर्ची पडे. फार्समध्ये माणूस चुकीच्या दारातून आत येतो तेव्हा प्रेक्षकाला ते दार चुकीचं आहे हे आधीच माहीत असावं लागतं. ही माहिती पेरण्यात त्या पानांचा मोठा भाग खर्च होत असे.

‘गुर्मे नाइट’ हा १९७५ चा भाग बघा. बेसिलने गावातल्या प्रतिष्ठितांना खास जेवणाचं आमंत्रण दिलं आहे. आचारी दारू पिऊन आडवा झालाय. ओळखीच्या हॉटेलातून बदक आणण्यासाठी बेसिल मोटार घेऊन धावतो. परत येताना गाडी बंद पडते. तो तिला आधी विनवतो, मग दरडावतो, मग शेवटची संधी देऊन तीनपर्यंत आकडे मोजतो. गाडी ढिम्म. तो खाली उतरतो आणि पळत पळत चौकटीबाहेर जातो. कॅमेरा जागचा हलत नाही. पडद्यावर फक्त लाल मोटार. मग बेसिल झाडाची फांदी घेऊन येतो आणि गाडीला झोडपायला लागतो.

फांदीचे तडाखे ढोबळच. पण त्याआधी रिकाम्या पडद्यावर एकटी मोटार उभी असते, ते दोन-तीन सेकंद प्रेक्षकाचे. हा माणूस गेला कुठे, आता काय करणार, हे आपण मनातल्या मनात रचायला लागतो. तो काय आणणार हे ठाऊक नसलं तरी काहीतरी भयंकर आणणार याची खात्री असते. शिवाय मारण्याची भाषा शाळामास्तराची आहे. वर्षभर गिऱ्हाइकांपुढे गिळलेले सगळे अपमान बेसिल एका यंत्राला शिस्त लावून भरून काढतो. त्याचं तोंड वर्गाची पायरी सांभाळून बोलतं आणि तोंडाने आवरलेलं सगळं त्याच्या हातापायांतून बाहेर पडतं. म्हणूनच बेसिलने पाय आपटले की तो कुणावर रागावला आहे हेही आपल्याला कळतं.

‘सम मदर्स डू ॲव्ह एम’ या १९७३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. त्यातला फ्रँक स्पेन्सर ज्याला हात लावील ते मोडतं. मायकेल क्रॉफर्ड रोलर स्केट्सवर लॉरीखालून सुटतो, कड्यावर लोंबकळणाऱ्या मोटारीला धरून राहतो, आणि ही साहसं त्याने डमी न घेता स्वतः केली. (हाच क्रॉफर्ड पुढे १९८६ मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’चा पहिला नायक झाला.) बघताना जीव मुठीत येतो आणि हसूही फुटतं. पण इथे कामाचा बहुतेक वाटा नटाने उचललेला आहे. आपण फक्त टाळ्या वाजवायच्या.

एकाच चौकटीत दोघं

‘डॅड्स आर्मी’ १९६८ ते १९७७ चालली, ८० भाग. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट लेखक. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा उतरण्याच्या भीतीने ब्रिटनमध्ये होम गार्ड उभारलं गेलं. वय, प्रकृती किंवा कामामुळे जे सैन्यात जाऊ शकत नव्हते असे लोक त्यात. कल्पित वॉल्मिंग्टन-ऑन-सी गावातल्या तुकडीचा कॅप्टन आहे बँकेचा मॅनेजर मेनवेरिंग आणि त्याचा सार्जंट आहे त्याच बँकेतला त्याच्या हाताखालचा विल्सन. गोम अशी की मॅनेजर साध्या घरातून कष्टाने वर आलेला आणि हाताखालचा मात्र खानदानी, महागड्या शाळेत शिकलेला. हे सतत कुणी बोलून दाखवत नाही. विल्सन झालेला जॉन ल मेझ्युरिए भुवई किंचित वर नेतो, काम सुचवल्यावर ‘हे शहाणपणाचं आहे का’ अशा सुरात काहीतरी पुटपुटतो, आणि आर्थर लोचा मेनवेरिंग छाती आणखी फुगवतो. तेवढ्यात वर्गाचा सगळा हिशेब मांडून होतो.

त्याच रांगेत खाटीक जोन्स उभा आहे. सगळे खाडकन सावधान होतात आणि क्षणभराने जोन्सच्या टाचा जुळतात. प्रत्येक कवायतीत, प्रत्येक भागात. मालिका सुरू झाली तेव्हा क्लाइव्ह डन पन्नाशीच्या आतला होता, तरी त्याने सत्तरीतला म्हातारा इतका बिनचूक उभा केला की तो उशीर कधी एक मात्रा पुढे-मागे झाला नाही. शेजारी सौम्य गॉडफ्री झालेले आर्नल्ड रिडली खरोखरच सत्तरी ओलांडलेले आणि पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत जखमी झालेले. एकाच चौकटीत एकाची भुवई आणि दुसऱ्याच्या टाचा. कुठे बघायचं ते प्रेक्षकाने ठरवायचं.

१९७३ चा ‘द डेडली अटॅचमेंट’ हा भाग या दोन्ही टोकांचा एकत्र नमुना आहे. पकडलेल्या जर्मन पाणबुडीचा कप्तान आपला अपमान करणाऱ्यांची नावं वहीत टिपून ठेवतो आहे, युद्ध जिंकल्यावर हिशेब चुकता करण्यासाठी. पोरसवदा पाइक हिटलरची टिंगल करणारं गाणं म्हणतो. कप्तान त्याचं नाव विचारतो. मेनवेरिंग तत्परतेने ओरडतो: नाव सांगू नकोस, पाइक! ब्रिटनमध्ये हा संवाद म्हणीसारखा झाला आहे. यात शब्दांची करामत शून्य. आज्ञा शहाणपणाची, देणारा प्रामाणिक, आणि घात त्याच आज्ञेत. मेनवेरिंगला आपली चूक कळायच्या आत ती आपल्याला कळलेली असते.

याच भागात पुढे एकाच्या विजारीत जिवंत हातबाँब अडकवण्याचा प्रसंग आहे. तो मूळ मेनवेरिंगच्या वाट्याचा होता. आर्थर लोने साफ नकार दिला, तेव्हा तो जोन्सकडे गेला. नटाचा स्वतःचा मान राहिला आणि मालिकेचंही भलं झालं. मेनवेरिंगची अब्रू वाक्यांनी जायला हवी आणि जोन्सची विजारीने. बाँब मेनवेरिंगच्या विजारीत गेला असता तर काही वेळापूर्वीच्या त्या चार शब्दांची धार बोथट झाली असती.

सचिवाचं वाक्य, मंत्र्याचा चेहरा

दुसऱ्या टोकाला ‘येस मिनिस्टर’ (१९८० ते १९८४) आणि तिचा पुढचा भाग ‘येस, प्राइम मिनिस्टर’. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेल्या या मालिकेत कुणी पडत नाही, कुणी धावत नाही. दालनं, फायली आणि तीन माणसं. मंत्री जिम हॅकर, सचिव सर हम्फ्री ॲपलबी, आणि दोघांच्या मध्ये चिरडला जाणारा खासगी सचिव बर्नार्ड. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ही मालिका इतकी आवडायची की १९८४ मध्ये त्यांनी दोन्ही प्रमुख नटांबरोबर एक छोटा प्रवेश स्वतः सादर केला.

१९८१ च्या ‘द कम्पॅशनेट सोसायटी’ या भागात हॅकरला कळतं की एका नव्याकोऱ्या इस्पितळात पाचशे कर्मचारी आहेत आणि रुग्ण एकही नाही. हम्फ्रीला यात काही वावगं दिसत नाही. इतके विभाग चालवायचे, हिशेब ठेवायचे, इमारत सांभाळायची, म्हणजे माणसं लागणारच. इस्पितळ तर उत्तम चाललेलं आहे. हा युक्तिवाद हम्फ्री झालेला नायजेल हॉथॉर्न शांत, समंजस चेहऱ्याने करतो. वाक्य विनोदी आहे असा इशारा तो कुठेही देत नाही. सरकारी कचेरीत एकदा तरी फाइल घेऊन फिरलेल्या माणसाला तो इशारा लागतही नाही.

तरीही ही मालिका निव्वळ कानांनी ऐकण्याची नाही. हम्फ्रीचं एकेक वाक्य पोटवाक्यांच्या गल्ल्याबोळांतून मिनिटभर चालतं. त्या मिनिटात हसवण्याचं काम पॉल एडिंग्टन करतो. सुरुवातीला त्याचा हॅकर समजल्यासारखी मान हलवतो. मग मान हलायची थांबते. मग डोळ्यांत, आपल्याला फसवलं जातंय पण कुठे ते सापडत नाही, अशी भीती येते. स्वतःच्या मोठेपणाने भारावला की तो आवाज बदलून, अंग ताठ करून थेट चर्चिलच्या पवित्र्यात उभा राहतो. शब्दांच्या या मालिकेला चेहऱ्याची जोड नसती तर ती निबंध झाली असती.

या मालिकेचा हिंदी अवतार ‘जी मंत्रीजी’ २००१ मध्ये स्टार प्लसवर आला, मंत्री होते फारूक शेख. त्याआधी १९९३ मध्ये ‘माइंड युअर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेवरून ‘जबान संभाल के’ आलं होतं, पंकज कपूर यांना घेऊन. आपल्याकडचा प्रेक्षक या दोन्ही जातींना अनोळखी नाही.

एकच नट, उलटसुलट प्रवास

शरीर आणि शब्द यांचा एक अनायास झालेला प्रयोग रोवन ॲटकिन्सनच्या कारकिर्दीत सापडतो. ‘द ब्लॅक ॲडर’ ही पहिली मालिका १९८३ मध्ये आली. उत्तर इंग्लंडातल्या ॲनिक किल्ल्यात बाह्यचित्रीकरण, घोडे, माणसांची गर्दी, आणि मध्यभागी विचित्र चेहरे करणारा भेकड, बावळट राजपुत्र. खर्च भरमसाट झाला. बीबीसी वनची सूत्रं हाती घेतलेल्या मायकेल ग्रेड यांनी मालिका चालू ठेवायची तर खर्चाला कात्री लावा असं बजावलं. लेखक रिचर्ड कर्टिसच्या जोडीला बेन एल्टन आला, किल्ला गेला, सगळं स्टुडिओत आलं. घोडे नसल्यावर उरले शब्द. १९८६ च्या दुसऱ्या मालिकेत नायक धूर्त झाला आणि आधी शहाणा असलेला नोकर बॉल्ड्रिक मठ्ठ झाला. ॲटकिन्सनचा तोच लवचिक चेहरा आता जवळपास स्थिर, एखादी नाकपुडी हलते एवढंच. लोकांनी मालिका डोक्यावर घेतली.

आणि मग याच नटाने १ जानेवारी १९९० रोजी शब्द जवळजवळ टाकूनच दिले. ‘मिस्टर बीन’च्या पहिल्याच भागात चर्चचा प्रसंग आहे. प्रवचन रटाळ, बीनला झोप आवरत नाही. तो हळूहळू पुढे झुकत झुकत खाली घसरतो. मग स्तोत्र सुरू होतं. बीनकडे पुस्तक नाही, शब्द येत नाहीत. गणपतीच्या आरतीत कडवी पुटपुटत ढकलून धृपदाला छप्पर उडवणारे काही भक्त असतात, तसा बीन ओळी गिळत राहतो आणि ठरावीक शब्द आला की सर्व ताकदीनिशी गर्जतो. हा ढोबळ विनोद म्हणावा तर त्यात एकही मोठी हालचाल नाही. शिवाय शेजारी बसलेल्या सद्गृहस्थाची भूमिका केली आहे रिचर्ड ब्रायर्सने, म्हणजे ‘द गुड लाइफ’ या सत्तरच्या दशकातल्या सुसंस्कृत, संवादप्रधान मालिकेच्या नायकाने. तो काहीच करत नाही. चर्चमध्ये शेजाऱ्याकडे बघायचं नसतं म्हणून बघत नाही, आणि तरी सगळं बघतो.

भाषा नसल्यामुळे बीन जगभर पोचला. आपल्याकडे तो पोराटोरांना पाठ आहे. शब्दांवर उभ्या मालिकांना हे जमत नाही असा समज होऊ शकतो. पण ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ (१९९० ते १९९५) ही बीबीसीने परदेशांत सर्वाधिक विकलेल्या कार्यक्रमांपैकी एक आहे. नवरा बकेट, आणि हायसिंथबाई आडनावाचा उच्चार बुके असा करणार. त्यांच्याकडे चहाला बोलावणं म्हणजे शेजारीण एलिझाबेथला शिक्षा, कारण कपबशी उंची आणि बाईंची नजर त्या कपावर. जोसेफीन ट्यूसन कप उचलते आणि बशी किणकिणायला लागते. हात थरथरणं ही हालचाल बोटभर, पण ती ऐकू येते. कप सांडणार हे माहीत असतं. कधी, एवढंच माहीत नसतं. मोठेपणाचा दरारा काय असतो हे ती बशी सांगते, आणि ते कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

हलकं, भारी आणि शिळं

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत. स्मित आणि हसित उत्तम पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. हसण्याच्या आवाजावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड जुनी आहे आणि ब्रिटनमध्येही ती होतीच. ‘येस मिनिस्टर’ बीबीसी टू वर, जाणत्यांसाठी. ‘ऑन द बसेस’ आयटीव्हीवर, कामगार वस्त्यांत लोकप्रिय आणि समीक्षकांनी नाक मुरडलेली. पण प्रेक्षक या भिंती मानत नव्हता. ‘ओन्ली फूल्स’च्या १९९६ च्या नाताळातल्या एका भागाला २ कोटी ४३ लाख प्रेक्षक होते, ब्रिटिश सिटकॉममधला उच्चांक. एवढ्या गर्दीत स्मितवाले आणि अतिहसितवाले एकाच सोफ्यावर बसलेले असणार.

काळाच्या ओघात शिळं काय झालं, हे बघितलं तर वेगळीच रेषा दिसते. जेसनचं पडणं शिळं झालं नाही. ‘माइंड युअर लँग्वेज’मधले डोकं हलवणारे भारतीय आणि वाकून नमस्कार घालणारे जपानी मात्र तेव्हाच खटकायला लागले होते, १९७९ मध्ये ती मालिका बंद करणारे पुन्हा तेच मायकेल ग्रेड. ‘फॉल्टी टॉवर्स’मध्येही मॅन्युएलला बसणारे फटके आज पूर्वीइतके निर्मळ वाटत नाहीत, आणि ‘द जर्मन्स’ या भागातल्या म्हाताऱ्या मेजरच्या वर्णद्वेषी शब्दांमुळे २०२० मध्ये तो एका वाहिनीने काही काळ काढून ठेवला होता. ते शब्द उच्चारताना कुणी पडत-बिडत नाही, बोलणं शांतच आहे. म्हणजे विटतं ते ठोकळेबाज. मग ते अंगाचं असो की शब्दाचं. ठोकळ्यात प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. पगडी दिसली, उच्चार ऐकला, की हसायचं, एवढंच. तिथे माणूस नसतो, म्हणून त्याची फजिती बघून आपल्या मनात काही हलत नाही.

२००१ मध्ये ‘द ऑफिस’ने स्टुडिओतला प्रेक्षक आणि त्याचा हशा दोन्ही काढून टाकले. कुठे हसायचं हे सांगणारंही कुणी उरलं नाही. सगळंच काम आपल्यावर आलं. गंमत अशी की त्या मालिकेतलाही सर्वांना आठवतो तो प्रसंग साहेबाच्या भयाण नाचाचा. पण त्या नाचात मजा आहे ती भोवती उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यांमुळे. टाळ्या वाजवाव्यात की बाहेर पळावं, हे त्यांना ठरवता येत नाही.

हे सगळे भाग आज सहज बघायला मिळतात, आणि ते तपासण्याची एक साधी युक्ती आहे. पहिल्यांदा विनोद करणाऱ्याकडे बघावं, ते नैसर्गिकच आहे. दुसऱ्यांदा त्याच प्रसंगात जो काही करत नाही त्याच्याकडे बघावं. तिथेही काही घडत असेल, तर लेखकाने आणि नटाने तुमच्या बुद्धीवर भरवसा ठेवला आहे असं समजावं. काहीच घडत नसेल, तर तो विनोद एकदा हसून विसरायचा आहे, आणि त्यातही गैर काही नाही.